रिमेकमधला कायदा आणि आपला कायदा : वाचकांची प्रश्नोत्तरे

कोर्टातल्या थरारपटाचा एखादा रिमेक आला की पुढचा महिनाभर तेच ते प्रश्न येत राहतात. कथा परदेशातून येते, नावं-गावं बदलतात, न्यायाधीशांच्या मागे अशोकस्तंभ लागतो. पण शेवटची कलाटणी ज्या कायद्यावर उभी असते तो कायदा तिकडचाच राहून जातो. प्रेक्षक तो घरी नेतात. काही जण पोलीस ठाण्यातही नेतात, आणि तिथे अडकतात. म्हणून निवडक प्रश्न एकदाच घेतले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमची कागदपत्रं न पाहता जो छातीठोक सल्ला देतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा.

प्रश्न : मूळ चित्रपट बरा की रिमेक? घरात दोन तट पडले आहेत.

अभिनयाचं समीक्षकांना विचारा. कायद्यापुरतं सांगायचं तर मूळ चित्रपट बहुधा त्याच्या देशात बरोबर असतो आणि रिमेक आपल्या देशात चुकतो.

प्रश्न : रिमेकमध्ये बारा ज्युरी खोलीत बसून निकाल ठरवतात. आपल्याकडे ज्युरीत निवड कशी होते? माझं नाव देता येईल का?

नाही. आपल्याकडे ज्युरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, फौजदारी खटल्यात नाहीच. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, तिच्यात ज्युरीला जागा ठेवलेली नव्हती. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' हा अमेरिकी चित्रपट १९५७ चा. त्यावरून हिंदीत 'एक रुका हुआ फैसला' आला तो १९८६ मध्ये, म्हणजे ज्युरी जाऊन बारा वर्षं झाल्यावर. चित्रपट उत्तमच आहे, फक्त त्यातली ती बंद खोली तेव्हा आपल्या कोर्टांत उरली नव्हती.

'नानावटी खटला संपला आणि ज्युरी बंद झाली' हे आणखी एक ऐकीव वाक्य. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्युरीने खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटींना ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ज्युरी त्यानंतरही काही ठिकाणी काही वर्षं चालू होती. त्या ८ विरुद्ध १ कडे जरा बघा. तिथे एकमताची सक्ती नव्हती. एकटा माणूस अकरा जणांना वळवतो ही त्या अमेरिकी कथेची जान आहे, आणि ती एकमताच्या नियमावरच तगते. नियम काढला तर चित्रपट पंधरा मिनिटांत संपतो.

प्रश्न : हातोडा आणि गीतेवर हात?

हातोडा नसतो. शपथ १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे तोंडी होते, ईश्वराला स्मरून किंवा गांभीर्यपूर्वक. ग्रंथ लागत नाही.

प्रश्न : आरोपी निर्दोष सुटतो आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर वकिलाला हसत सांगतो, 'मीच मारलं.' आता कोणी काही करू शकत नाही म्हणे. आमच्या ओळखीच्या एका प्रकरणात गेल्याच महिन्यात आरोपी सुटला. सगळे म्हणतात, एकदा सुटला म्हणजे सुटला.

'सगळे म्हणतात' हा पुरावा नव्हे. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालत नाही हे खरं. राज्यघटनेचा अनुच्छेद २०(२) आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३७ त्यासाठीच आहे. पण अपील म्हणजे दुसरा खटला नव्हे, पहिल्याच खटल्याचा तो पुढचा टप्पा. अमेरिकेत निर्दोष निकालावर सरकारला असं अपील नसतं, म्हणून तिथे ती पायऱ्यांवरची कलाटणी चालते. आपल्याकडे सरकार अपील करू शकतं. गुन्ह्याची झळ बसलेल्या व्यक्तीला स्वतःलाही तो हक्क आहे, डिसेंबर २००९ पासून. इंग्लंडमध्ये तर २००३ च्या कायद्याने खुनासारख्या गुन्ह्यात नवा, सबळ पुरावा मिळाल्यास सुटका रद्द करून पुन्हा खटला चालवण्याची सोय केली आहे. म्हणजे ही कलाटणी तिकडेही जुनी झाली.

तुमच्या ओळखीच्या प्रकरणात महिना गेलाच आहे. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी नकलेचा अर्ज आजच द्या. नक्कल तयार व्हायला लागणारे दिवस मुदतीतून वजा होतात, पण अर्ज दिला तरच. सरकारी अपिलाची मुदत ९० दिवसांची असते. सरकारी वकिलांना लेखी विनंती करा आणि अपिलं चालवणाऱ्या वकिलाला याच आठवड्यात भेटा.

प्रश्न : माझ्या भावाला एकाने फोनवर जिवे मारण्याची धमकी दिली. त्याचं रेकॉर्डिंग आहे, तीन महिने झाले. रिमेकमध्ये वकील शेवटच्या तारखेला खिशातून पेनड्राइव्ह काढतो, तसं ऐनवेळी काढायचं आम्ही ठरवलं आहे. आधी दिलं तर समोरचा सावध होईल ना?

याच प्रश्नासाठी हे सदर लिहायला घेतलं, तेव्हा जरा सविस्तर.

खिशातला पेनड्राइव्ह हे सिनेमाने केलेलं सर्वांत मोठं नुकसान. फौजदारी खटल्यात सरकार पक्षाला असा धक्का देताच येत नाही. दोषारोपपत्र आणि त्यासोबतचे जबाब, पंचनामे, कागद यांच्या प्रती आरोपीला आधी मिळतात. नंतर काही आणायचं तर पुढील तपास दाखवावा लागतो किंवा न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि तेव्हा उलटतपासातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'हे इतके दिवस कुठे होतं?' त्यावर 'ऐनवेळी काढणार होतो' असं उत्तर दिलंत की न्यायाधीशांच्या मनात रेकॉर्डिंगच्या खरेपणाविषयी शंका आलीच म्हणून समजा. शिवाय मुदतीचाही प्रश्न आहे. ज्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत शिक्षा आहे त्याची दखल घेण्याची मुदत १ वर्ष, १ ते ३ वर्षं शिक्षा असेल तर ३ वर्षं. तुमच्या भावाचं प्रकरण कोणत्या कलमात बसतं हे वकिलालाच ठरवू द्या.

आता फाइलबद्दल. ज्या फोनवर रेकॉर्डिंग झालं तो फोनच मालकाने साक्ष देताना हजर केला तर तो मूळ पुरावा. त्याची प्रत दिली, मग ती पेनड्राइव्हवर असो वा सीडीवर, की प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं होतं; १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं. जुन्या चालू प्रकरणांत जुनंच कलम लागू असू शकतं, ते तपासून घ्या. नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत : भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली आकडे-अक्षरांची ओळ, फाइलच्या बोटाचा ठसाच म्हणा. आतला एक बिट बदलला तरी सगळी ओळ बदलते. नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ असे पर्याय दिलेले आहेत, एसएचए-२५६ घ्या.

बिघडतं ते नेमकं इथे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फाइलचं नाव बदलतं, अनेकदा ती दाबून लहान केली जाते, आणि मूळ तारखेची माहिती गळून पडते. 'फक्त धमकीचा भाग' ठेवायला पुढचं-मागचं कापलं की समोरचा वकील म्हणणार, कापलेल्या भागात तुमच्या भावाने काय चिथावणी दिली होती? आवाज स्वच्छ करणारं अ‍ॅप वापरलंत तर ती नवी फाइल झाली. फोन विकला, रिसेट केला, साठा भरला म्हणून जुनी रेकॉर्डिंग आपोआप पुसणारी सोय चालू राहिली, की मूळच गेलं.

म्हणून आज करायचं ते असं. आपोआप पुसण्याची सोय बंद करा. फाइलचं नाव, आकार, तारीख, वेळ आणि कालावधी कागदावर उतरवा. नाव बदलू नका. केबलने नव्या, कोऱ्या पेनड्राइव्हवर प्रत घ्या, मूळची आणि प्रतीची हॅश काढा, दोन्ही जुळतात हे पाहा, कागदावर लिहा, तारीख घाला, सही करा. संभाषण मिनिट-सेकंदासह शब्दशः लिहून काढा. शिव्याही लिहा, सोज्वळ करू नका. फोन बाजूला ठेवा, वापरायला दुसरा घ्या. मग वकिलाला सोबत घेऊन तक्रार द्या आणि पोच घ्या. भावाने स्वतःच्याच बोलण्याचं रेकॉर्डिंग केलं आहे हे मी धरून चाललो आहे. दुसऱ्या दोघांचं बोलणं चोरून टिपलं असेल तर काहीही करण्याआधी वकील.

सीसीटीव्ही असेल तर घाई आणखी मोठी. डिस्क भरली की डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र, जुन्या चित्रणावर नवं चढवतो, काही ठिकाणी आठवड्याभरातच. सोसायटीला किंवा दुकानदाराला त्याच दिवशी लेखी पत्र द्या : कोणता कॅमेरा, कोणती तारीख, किती ते किती वाजेपर्यंत. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे तेही त्यात नोंदवा. ते घड्याळ बरोबर असणं हा अपवाद आहे, आणि सात मिनिटांच्या फरकाने आरोपी भलतीकडे असल्याचं 'सिद्ध' होऊ शकतं.

लेखीच का, याला जालन्याच्या निवडणूक वादातला सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा खोतकर निकाल पाहा. प्रमाणपत्र बंधनकारक आहे हे त्यात ठामपणे सांगितलं गेलं. पण चित्रण ज्यांच्या ताब्यात होतं त्यांच्याकडे पक्षकाराने वारंवार प्रमाणपत्र मागितलं होतं आणि ते मिळालं नव्हतं, म्हणून न्यायालयाने त्याला अडवलं नाही. मागितल्याचा कागद होता, त्याने तारलं. आणि सही करून तयार मिळणारी छापील प्रमाणपत्रं विकत घेऊ नका. ज्याने उपकरण पाहिलंच नाही त्याची सही उलटतपासात दोन मिनिटंही टिकत नाही.

प्रश्न : आरोपीने आपल्या वकिलाला खरं सांगितलं तर वकील ते पोलिसांना सांगू शकतो का? आणि तो वकील तोतया निघाला तर?

चित्रपटाचं नाव तुम्ही लिहिलं आहे, मी लिहीत नाही. अजून न पाहिलेले लोक आहेत. झालेल्या गोष्टीविषयी पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं वकील त्याच्या संमतीशिवाय उघड करू शकत नाही, साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२. पुढे करायच्या गुन्ह्यासाठी सल्ला मागितला तर हे संरक्षण नाही. तोतयाला सांगितलेल्याला वकिलाशी बोलल्याचं संरक्षण मिळत नाही, आणि कबुली केवळ फसवून घेतली एवढ्याच कारणाने ती बाद होत नाही. तेव्हा वकीलपत्रावर सही करण्याआधी सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक मागा आणि बार कौन्सिलकडे खात्री करून घ्या.

प्रश्न : 'गुन्हा कबूल कर, खुनाचं सदोष मनुष्यवध करून घेऊ' असा सौदा सरकारी वकील करतो का?

तसा सौदा नाही. शिक्षेची वाटाघाट आपल्याकडे २००६ पासून आहे, पण सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना, तसंच स्त्रिया आणि लहान मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांना ती मिळत नाही. नव्या संहितेत आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. 'मी सेटिंग करून देतो' म्हणणारा मध्यस्थ भेटला तर त्याला पैसे देऊ नका.

प्रश्न : लाय डिटेक्टर?

संमतीशिवाय करता येत नाही आणि नुसत्या निष्कर्षावर शिक्षा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा सेल्वी निकाल, २०१०. संमती देण्याआधी वकिलाशी बोला.

प्रश्न : एका परदेशी थरारपटावरून लघुपट करतो आहोत. नावं बदलली, शेवटी 'प्रेरित' लिहिलं, म्हणजे हक्क घ्यायची गरज नाही ना?

'प्रेरित' हा शब्द परवाना नव्हे. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद प्रकरणात १९७८ मध्येच सांगितलं. निरपराध माणूस पुराव्यांच्या जाळ्यात सापडतो, ही कल्पना. प्रसंगांचा तोच क्रम, त्याच जागी तीच कलाटणी, तेच संवाद भाषांतरित, ही मांडणी. दोन्ही पाहून सामान्य प्रेक्षकाला 'ही नक्कल' असं वाटलं तर अडचण आहे. हक्क घ्यायचे झाल्यास करारात भाषा, प्रदेश, मुदत आणि ओटीटी या चारही गोष्टी स्पष्ट लिहून घ्या, आणि विकणाऱ्याकडे ते हक्क खरोखर आहेत का, याची कागदपत्रं बघा. चित्रीकरणाच्या आधी, नंतर नव्हे.

प्रश्न : अपघाताच्या खटल्यात मला साक्षीचं समन्स आलं आहे. उलटतपासात सिनेमासारखं ओरडून हैराण करतात का? आणि घाबरून एखादं उत्तर चुकलं तर मी फितूर ठरेन का?

ओरडणाऱ्या वकिलाला न्यायाधीश थांबवतात. एक उत्तर चुकल्याने कोणी फितूर होत नाही. साक्षीदार आपला जबाब सोडून उलट बोलू लागला तर सरकारी वकील त्याचा उलटतपास घ्यायची परवानगी मागतात. आणि फितूर ठरलेल्याचीही सगळी साक्ष वाया जात नाही, इतर पुराव्याशी जुळणारा भाग विचारात घेतला जातो.

तारखेच्या दिवशी लवकर पोहोचा, सरकारी वकिलांना भेटा आणि पोलिसांनी तेव्हा लिहून घेतलेला जबाब वाचायला मागा. त्यात काही चुकीचं लिहिलेलं दिसलं तर ते त्यांना तिथेच सांगा. प्रश्न पूर्ण ऐका, पाहिलं तेवढंच सांगा. आठवत नसेल तर 'आठवत नाही' हे पूर्ण उत्तर आहे. समन्स आणि प्रवासाची तिकिटं जवळ ठेवा. साक्षीदाराला भत्ता मिळू शकतो, तो कोर्टाच्या कारकुनाकडे मागावा लागतो, आणि बहुतेक जण न मागताच घरी जातात.