मे संपताना गळ आवरताना

गेल्या आठवड्यात मढच्या किनाऱ्यावर गळ टाकून ज्या खडकावर उभा होतास, तो आता सोड. १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी लागते, ती उगाच नाही. माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळतो. एखादी उंच लाट शेवाळलेल्या खडकावरून माणसाला सहज ओढून नेते. दर्याकडे पाठ करू नकोस, एकटा तर जाऊच नकोस.

गळाची दोरी गुंडाळायचं रीळ मात्र आजच धू. गोड्या पाण्याची बारीक धार पुरे. जोरात मारलंस तर मीठ आत बेअरिंगपर्यंत जातं. दोन दिवस सावलीत वाळव, मग तेलाचा एकच थेंब. ड्रॅग, म्हणजे दोरीवरचा ताण ठरवणारा रिळाचा ब्रेक, सैल करून ठेव. माझा एकदा पावसाळाभर आवळलेला राहिला, वॉशर चिकटले आणि चांगलं रीळ वाया गेलं.

आणि खाडीत गाभोळीने (अंड्यांनी) भरलेला जिताडा मासा गळाला लागला, तर सोडून दे रे.