‘पक्कं झालं की सांगेन’ म्हणणाऱ्यांसाठी

“मॅडम, अजून काही पक्कं नाही. उगाच आधी कशाला सांगायचं?” प्रोजेक्ट सांभाळणारी माणसं हे मला नेहमी विचारतात. त्यामागची भीती खरी असते. आधी बोललो तर ‘याला जमत नाही’ असा शिक्का बसेल, आणि काम वेळेत झालंच तर विनाकारण घाबरवल्यासारखं होईल.

सप्टेंबरमध्ये एक इंजिनिअर माझ्याकडे समुपदेशनासाठी आला होता (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). नोकरी नाशिकच्या अंबडला, काम दिंडोरीकडे: द्राक्षबागायतदारांच्या गटासाठी प्रीकूलिंग (काढलेला माल लगेच थंड करण्याची सोय) आणि कोल्ड स्टोरेज उभारायचं. झोप उडालेली, ॲसिडिटी, घरी मुलांवर खेकसणं. बोलता बोलता कळलं, थंड करण्याच्या यंत्रणेचा कॉम्प्रेसर दीड महिना उशिरा येणार असं पुरवठादाराने त्याला तोंडी सांगितलं होतं. गटात कुणालाच पत्ता नव्हता. सत्र चालू असतानाच गटाच्या अध्यक्षांचा, नानांचा फोन आला. त्याने नाव पाहिलं आणि फोन टेबलावर पालथा घातला.

मी विचारलं, “हे नानांना आज कळलं तर ते काय करू शकतील? आणि जानेवारीत कळलं तर?”

शेतकऱ्याचाच मुलगा तो, उत्तर त्याच्याजवळच होतं. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, बहुतेकांची ऑक्टोबरात, त्यानंतर साधारण चार महिन्यांनी माल तयार. आज कळलं तर नाना काही बागांची छाटणी पुढे ढकलतील, दुसऱ्या पॅकहाऊसमध्ये जागा धरून ठेवतील, निर्यातदाराशी बोलून घेतील. जानेवारीत मात्र घड वेलीवर भरलेले असतील. काढले की काही तासांत थंड करावे लागतात; तेव्हा नानांनी जायचं कुठे?

हा पक्कं व्हायची वाट पाहत होता आणि तिकडे नानांचे पर्याय एकेक करून संपत होते. म्हणून मी सांगते, कधी बोलायचं ते आपल्या खात्रीवर सोडू नका. समोरच्याला निर्णय कधी घ्यायचाय ते बघा.

मग शब्दांवर बसलो. त्याने आधी लिहिलं होतं, “थोडा इश्यू आहे, मॅनेज करतोय.” अशा वाक्याने धीरही मिळत नाही आणि माहितीही. शेवटी हे उरलं: “नाना, कॉम्प्रेसर नोव्हेंबरच्या मध्याऐवजी डिसेंबरअखेर येईल असं पुरवठादार म्हणतोय. लेखी अजून नाही. शुक्रवारी काय ते कळवतो. छाटणीच्या तारखा धरण्याआधी तुमच्या कानावर असावं.” हे ग्रुपवर टाकायचं नाही, समोर बसून सांगायचं. आणि त्याहीआधी स्वतःच्या साहेबांना, कारण त्यांना ते नानांकडून कळलं असतं तर दुसरंच दुखणं झालं असतं.

नाना चिडले. “ॲडव्हान्स घेताना नाही सुचलं?” म्हणाले. मग दहा मिनिटांनी वही काढून कोणाची छाटणी कधी, ते विचारायला त्यांनी फोन लावायला सुरुवात केली.

झोपेवर आमचं काम अजून चालू आहे. शुक्रवारचा फोन मात्र तो न चुकता करतो, नवीन काही सांगण्यासारखं नसलं तरी.