रुक्मिणीदेवी आणि बैलाच्या मानेवरचे जू

प्रश्न : माझी नात भरतनाट्यम शिकते. तिच्या वर्गात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची तसबीर आहे. प्राण्यांचा छळ रोखणारा कायदाही त्यांच्यामुळेच झाला, असे तिच्या गुरू सांगतात. हे खरे आहे का? आमच्या ऊसपट्ट्यात त्या कायद्याचा काही उपयोग आहे का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : होय, हे खरे आहे, आणि तसबिरीपुढे नमस्कार करणाऱ्या मुलींना ते सांगितले जाते याचा मला मनापासून आनंद वाटला. कलाक्षेत्र या नृत्य-संगीत शिकवणाऱ्या संस्थेची स्थापना (१९३६) करणाऱ्या रुक्मिणीदेवी १९५२ साली राज्यसभेवर नामनियुक्त झाल्या, तेव्हा प्राण्यांसाठी १८९० सालचा अपुरा ब्रिटिश कायदाच लागू होता. त्यांनी स्वतःचे खासगी विधेयक मांडले. सरकार या विषयावर स्वतः कायदा आणील, असे आश्वासन पंडित नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि अखेर १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा संमत झाला. त्यानुसार १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. १९७७ साली मोरारजी देसाईंनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी विचारले होते, पण त्यांनी नकार दिला.

हा कायदा केवळ गाईगुरांपुरता नाही. बंदिवासातील वन्य प्राणीही त्याच्या कक्षेत येतात. त्याच कायद्याखालील १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आली. लहानपणी आपल्या दारात नाचणारे दरवेशाचे अस्वल आता दिसत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता तुमच्या ऊसपट्ट्याविषयी. रुक्मिणीदेवी अध्यक्षा असतानाच, १९६५ साली, ओझे वाहणाऱ्या व गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले. बैलाला दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीवाचून सलग ५ तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही. तापमान ३७ अंशांवर गेलेले असेल, तर दुपारी १२ ते ३ या वेळात जुंपताच येत नाही. आणि गाडी हाकताना टोकदार आर टोचणे हाही नियमभंगच आहे. कारखान्याच्या रस्त्यावर मानेला आवाळू (जू घासून येणारी गाठ) आलेला, तोंडाला फेस आलेला बैल दिसला, तर पोलिसांकडे तक्रार करता येते. मात्र गाडीवान स्वतः उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेच्या, ओझ्याखाली असतो, म्हणून त्याच्याशी आधी माणुसकीने बोलावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

एक गोष्ट मात्र मला फार सलते. पहिल्या गुन्ह्याला या कायद्याने ठेवलेला दंड १० ते ५० रुपये होता आणि तो आजही तेवढाच आहे. १९६० साली पन्नास रुपयांना काही वजन होते. आज तेवढ्यात बैलाच्या एका वेळच्या पेंडीचाही खर्च नीट भागत नाही. हा आकडा बदलण्याची मागणी वारंवार झालेली आहे, आणि ज्यांच्या घरात रुक्मिणीदेवींची तसबीर आहे, त्यांनीही आपल्या खासदारांकडे ती लेखी करावी.