‘शितो-र्‍यू’मधला ‘शितो’ कुठला?

एका आईने विचारलं आहे: मुलीच्या कराटेच्या प्रमाणपत्रावर ‘शीतोरियू’ असं छापलंय. यातला ‘शीतो’ म्हणजे आपलं ‘शीत’ का? डोकं थंड ठेवून लढायचं, असं काही?

‘शीत’शी संबंध नाही. खरी व्युत्पत्ती मला त्याहून गोड वाटते. ‘शितो’ असा शब्दच नाही. ती दोन गुरूंच्या नावांची पहिली अक्षरं आहेत.

कराटेचं हे घराणं केन्वा माबुनी (१८८९–१९५२) यांचं. ते जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शुरी गावचे. तिथे ते अंको इतोसू यांच्याकडे शिकले आणि जवळच्या नाहात कानर्‍यो हिगाओन्ना यांच्याकडेही. शुरी आज नाहा शहराचाच भाग आहे, पण तेव्हा दोन्हीकडचा हात वेगळा होता. शुरीची हालचाल चपळ, हलकी. नाहाचा भर पाय रोवून उभं राहण्यावर आणि श्वासावर. दोन्ही गुरू १९१५ सालीच गेले. माबुनी १९२९मध्ये ओसाकाला राहायला गेले. आपल्या पद्धतीला त्यांनी आधी ‘हांको-र्‍यू’, म्हणजे अर्धकठोर, असं नाव दिलं होतं. मग ते बदलून त्यांनी गुरूंची नावं पुढे केली.

आता तुम्ही म्हणाल, इतोसूंचा ‘इ’ आणि हिगाओन्नांचा ‘हि’ घेतला तर ‘शितो’ होतं कसं? खरी गंमत इथेच आहे. जपानीत एकाच चिन्हाची बहुधा दोन वाचनं असतात: एक देशी, एक चिनीवरून आलेलं. आपल्याकडे ‘५’ हा आकडा एकटा दिसला तर आपण ‘पाच’ म्हणतो. पण कुणी ‘५कोन’ लिहिलं तर तोंडातून ‘पंचकोन’च निघेल. चिन्ह तेच, उच्चार शेजारच्या अक्षरावर ठरतो.

इतोसूंच्या नावातलं पहिलं चिन्ह सुताचं. पिळलेल्या धाग्याच्या लडीचं ते चित्र आहे. त्याचा देशी उच्चार ‘इतो’, चिनी वळणाचा ‘शि’. हिगाओन्नांचं पहिलं चिन्ह पूर्व दिशेचं. झाडाच्या फांद्यांत सूर्य अडकल्यासारखं दिसतं, म्हणून एकदा पाहिलं की विसरत नाही. त्याचा देशी उच्चार ‘हिगाशी’, चिनी वळणाचा ‘तो’. हा ‘तो’ तुम्ही लहानपणापासून म्हणत आला आहात: आपलं टोकियो, मुळात ‘तोक्यो’, म्हणजे पूर्वेची राजधानी, त्यातला पहिला ‘तो’ हाच. म्हणजे सूत आणि पूर्व, शि आणि तो. शिष्याने स्वतःच्या नावाचं एकही अक्षर त्यात घातलं नाही, हे मला फार भावतं.

‘र्‍यू’चा मूळ अर्थ प्रवाह. कलेच्या बाबतीत तो शब्द आला की मी ‘घराणं’ म्हणते. आपल्या किराणा घराण्याला गावाचं नाव आहे, याला गुरूंचं.

लिहिताना मात्र ‘रियू’ नको. मुळात ते एकच अक्षर आहे. ‘र्यू’ही नको. समुद्र तो ‘दर्या’ आणि डोंगरातल्या त्या ‘दर्‍या’, हा फरक आपली लिपी दाखवते. इथे ‘दर्‍या’तला र् हवा. ‘शि’ र्‍हस्व. क्लासच्या सरांना पुढची प्रमाणपत्रं छापण्याआधी ‘शितो-र्‍यू’ असं कागदावर लिहूनच द्या.