फुटाळ्यावर काढलेले पोर्ट्रेट सॉफ्ट आणि दाणेदार येतात, नवी लेन्स घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर बहिणीचे फोटो काढले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर छान वाटले, पण लॅपटॉपवर चेहरा सॉफ्ट, म्हणजे धूसर, आणि सावलीत दाणे. डीएसएलआर, क्रॉप सेन्सर (फुल-फ्रेमपेक्षा लहान), ५० एमएम लेन्स, एफ/१.८ (लेन्सचं तोंड किती उघडं; आकडा लहान, तोंड मोठं), शटर १/६० सेकंद, आयएसओ ४०० (उजेडाची संवेदनशीलता), आणि नंतर फोटो मोबाइलवर उजळला.

लेन्स एवढ्यात घेऊ नका. आधी तोच फोटो १०० टक्के मोठा करून कुठे शार्प आहे ते शोधा.

पापण्या धूसर, पण कानातल्या झुमक्याची नक्षी आणि कानामागचे सुटे केस स्वच्छ दिसतात? मग लेन्स ठणठणीत आहे, फोकस मागे गेलाय. तुमच्या कॅमेऱ्यात एफ/१.८ ला, दीड मीटरवरून, पुढून-मागून मिळून जेमतेम ६ सेंटीमीटर शार्प मिळतं. डोळ्यावर फोकस धरून फ्रेमसाठी कॅमेरा वळवला, किंवा बहीण हसताना जराशी मागे झाली, की डोळा त्यातून निसटतो. एकच फोकस पॉइंट निवडा, तो थेट जवळच्या डोळ्यावर न्या आणि एफ/२.८ ठेवा. मागचं पाणी तरीही छान धूसर होतं.

झुमक्यावरचा चमकता ठिपका रेघेसारखा ओढला गेला असेल, तर हात हलला किंवा बहीण हलली. मी पोर्ट्रेटला शटर १/२०० पेक्षा संथ सहसा ठेवत नाही. उजेड कमी पडला तर आयएसओ सरळ १६०० करते. अंधारा फोटो मागाहून उजळला की दाणे जास्त वर येतात, आणि तुमचं तेच झालंय. मागे मावळतीचं आकाश, कॅमेऱ्याने त्याच्यावरून एक्स्पोजर (फोटो किती उजळ) ठरवलं, चेहरा काळा पडला. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजळपणा कमी-जास्त करायची सेटिंग, +१ करा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याची मूळ, न दाबलेली फाइल) काढा.

अख्खा फोटोच धुरकट असेल तर मात्र लेन्स तपासा. समोरून टॉर्च मारून मागून बघा. माझी लेन्स दोन वर्षं बंद पिशवीत, कूलरच्या खोलीत पडून होती. आपल्याकडे उन्हाळाभर कूलर आणि लगेच पावसाळा, दमटपणा हटतच नाही. आजीच्या पंचाहत्तरीचे सगळे फोटो दुधाळ आले. बर्डीतल्या (नागपूरचं सीताबर्डी) दुरुस्तीवाल्याने आतली बुरशी दाखवली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. आजी आता नाही, ते फोटो पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून कळकळीने सांगते: लेन्स झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. लेन्सवर स्वस्तातला यूव्ही फिल्टर (पुढे लावायची काच) असेल तर मावळतीच्या उन्हात काढून ठेवा, त्यानेही फोटो धुरकट होतो.

शेवटची चाचणी: वर्तमानपत्र तिरपं ठेवा, कॅमेरा स्टँडवर लावून एका ओळीवर फोकस करा. एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायची खिडकी), एक लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर बघून). लाइव्ह व्ह्यूचा नेमका आला आणि दुसरा दरवेळी पुढे-मागे सरकला, तर ऑटोफोकसची जुळणी बिघडली आहे. सर्व्हिसला कॅमेरा आणि लेन्स दोन्ही सोबत न्या, जुळणी त्या जोडीचीच होते.