घागर, परळ आणि चिडीची पेटी

प्रिय बेटा,
सप्रेम आशीर्वाद.

आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आणि गच्चीवर पाखरांसाठी काय ठेवावं ते तू विचारलंस. वेळ अगदी बरोबर साधलीस. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे घरोघरी घागर भरतात. कोरी घागर, तोंडाशी लहान मडकं, वर खरबूज, सांजोरी, आंबा, आणि पितरांच्या नावाने आगारी, म्हणजे विस्तवावर टाकलेला घास. ऐन उन्हाळ्यात आपल्या माणसांची आठवण पाण्याने काढायची, ही रीत मला फार जवळची वाटते. त्या घागरीच्या जोडीला गच्चीवर एक परळ ठेव.

परळ मातीचाच घे. पसरट, काठ खरखरीत, खोली दोन इंचांच्या वर नको, कारण चिमणीचे पाय टेकायला हवेत. खोल मिळाला तर मध्ये चपटा दगड ठेव. त्यावर बसून पाखरं पितात आणि मधमाश्या बुडत नाहीत. स्टीलची थाळी किंवा प्लॅस्टिकचा डबा दुपारी तापून पाणी चटके देतं. मातीतून पाणी पाझरतं म्हणून गार राहतं, पण त्यानेच ते लवकर आटतंही. म्हणून सकाळी भर आणि उन्हं चढायच्या आत पुन्हा एकदा भर. एक दिवसाआड नारळाच्या काथ्याने घासायचं, साबण लावायचा नाही. आठवडाभर तेच पाणी राहिलं की डासांच्या अळ्या होतात आणि मग घरातली माणसंच परळ उचलून टाकतात. बहुतेक ठिकाणी हे काम पाखरं न आल्यामुळे नाही, याच कारणाने बंद पडतं. जागा सावलीतली हवी, जवळ बसायला एखादी फांदी हवी, पण दाट कुंड्या अगदी खेटून नकोत. मांजर तिथेच दबा धरतं. चारी बाजूंना पाच-सहा फूट मोकळं असलं की पाखराला उडायला वेळ मिळतो.

शेतात असशील तेव्हा केळीच्या बांधावरही एक-दोन परळ ठेव. खारी ठिबकच्या नळ्या कुरतडतात म्हणून सगळेच कातावतात. उन्हाळ्यात त्यांना त्या नळीतलं पाणी हवं असतं. बांधावर उघडं पाणी असलं की नळ्यांचं नुकसान बरंच कमी होतं.

आता पेटीचं, म्हणजे चिडीला (चिमणीला) घरट्यासाठी टांगायच्या खोक्याचं. हे नीट वाच, कारण इथेच जास्त चुका होतात.

आपल्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरात चिमणीला वेगळी सोय लागत नव्हती. सर म्हणजे मोठी तुळई, त्यावर कड्या, कड्यांवर किलचन म्हणजे लाकडाच्या चिपा, वर पळाट्या म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्या आणि पांढरी खारवट माती. किलचनाच्या फटीत हात जाईल एवढी पोकळी असायचीच, आणि चिडी तिथे पिढ्यानपिढ्या राहिली. स्लॅबला फट नसते. जशी झोक्याची गत झाली तशीच तिचीही. निंब तोडले गेले म्हणून आता पोरी आखाजीचा झोका स्लॅबच्या कडीला बांधतात, गाणी मात्र तीच म्हणतात. चिमणीनेही शटरच्या वरची पोकळी, मीटरच्या पेटीची मागची बाजू, ट्यूबलाइटची पट्टी धरली आहे. तिला जागा हवी आहे, एवढाच याचा अर्थ.

पेटीला अर्ध्या इंचाची लाकडी फळी घे. पुठ्ठ्याची खोकी टांगू नकोस. आपल्या उन्हात आत भट्टी होते आणि पहिल्या पावसात तळ गळून पडतो. तळ आतून सहा इंच बाय सहा इंच, मागची फळी दहा इंच, पुढची आठ, म्हणजे छपराला उतार मिळतो. भोक गोल, सव्वा इंचाचं, तळापासून पाच-साडेपाच इंच वर. हे माप सोडू नकोस. दोन इंचांचं पाडलंस तर साळुंकी घुसते. भोक खाली पाडलंस तर पिल्लं वेळेआधी तोंड बाहेर काढतात आणि पडतात. भोकाखाली बसायला काडी अनेकजण हौसेने लावतात. ती लावू नकोस. चिमणीला तिची गरज नाही, कावळ्याला मात्र उभं राहायला आयती जागा होते. तळाला चार कोपऱ्यांत बारीक भोकं पाड, छपराखाली दोन्ही बाजूंना हवेसाठी दोन-दोन. आतून रंग नको, पॉलिश नको. छप्पर बिजागरीचं ठेव, म्हणजे पिल्लं उडून गेल्यावर जुनं घरटं काढता येईल.

टांगायची आठ-दहा फुटांवर, सज्जाखाली, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेला कधीच नाही. खाली कठडा किंवा कपाट असेल तर मांजर पोचतं. चिमण्यांना शेजार लागतो, म्हणून दोन-तीन पेट्या दोन-तीन फुटांच्या अंतराने लाव. मग वाट पाहा. काही घरांत महिन्यात जोडी येते, काही ठिकाणी वर्ष जातं. रोज डोकावून पाहिलंस तर येणारही नाही. अंडी चार-पाच असतात, ती उबायला दोन आठवडे, पुढे पिल्लं उडायला साधारण तेवढेच दिवस. त्या महिनाभरात झाकण उघडू नकोस. आणि आसपास मांज्याचा दोरा, नायलॉनचा धागा दिसला की उचल. चिमणी तो घरट्यात नेते आणि पिल्लांच्या पायात गुंततो. आपल्याकडे कापूस आहे, काथ्या आहे, वाळलेलं गवत आहे, ते ठेव.

दाण्यांत मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी पुरे, तीही सकाळीच. जास्त टाकलं की पारवे ताबा घेतात आणि रात्री उंदीर येतात. शेव-फरसाण टाकू नकोस, त्यात मीठ-तिखट असतं. पिल्लांना तर दाणा नकोच असतो, त्यांना अळ्या लागतात. म्हणून मेंदीचं कुंपण ठेव आणि त्यावर फवारा मारू नकोस.

सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला सुरू होतं, तुझी वहीही आखाजीलाच सुरू कर. तारीख, वेळ, जागा, किती, काय करत होते. एक ओळ पुरे. चातक पहिल्यांदा कधी दिसला, पावशाचं 'पेरते व्हा' कधी कानावर आलं, हे दरवर्षी लिही. साधं पाखरूही नीट पाहा. गावातला ठिपक्यांचा पिंगळा सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यासारखाच वनपिंगळा शंभराहून जास्त वर्षं कुणाला सापडला नव्हता, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात आपल्या शहाद्याजवळ सातपुड्यात दिसला. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, आणि तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो. कधी सातपुड्यातल्या तोरणमाळला जाणं झालं तर डोकं आधी पाहा, रंग मागून.

पेटीवर गळ्याला काळा डाग असलेला नर बसून सारखा चिवचिवायला लागला की समज, जागा पसंत पडली. त्या दिवसापासून पेटीजवळच्या खोलीतला छताचा पंखा लावायचा असेल तर खिडकी आधी बंद कर.

तुझे,
काका