बुडवायची नोकरी

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एक आई लिहितात: "मुलगी बी. फार्म. झाली. मकरपुऱ्याच्या एका कंपनीत औषधांच्या पॅकिंगला गळती आहे का, हे तपासायचं काम मिळतंय. एवढं शिकून बाटल्या पाण्यात बुडवायच्या? एम. बी. ए. करावं का?"

ताई, बुडवणं आहे हे खरं. गोळ्यांची स्ट्रिप मिथिलीन ब्लूच्या पाण्यात ठेवायची, व्हॅक्यूम लावून सोडायचा, मग फोडून आत निळा डाग आहे का बघायचं. सुरुवातीला तिचे हातमोजे रोज निळे होतील. पण इंजेक्शनच्या व्हायलला, म्हणजे औषधाच्या छोट्या काचेच्या बाटलीला, हे पुरत नाही. डाग एकाला दिसतो, दुसऱ्याला दिसत नाही. अमेरिकी फार्माकोपियाच्या, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या ग्रंथाच्या, १२०७ क्रमांकाच्या प्रकरणाचा कल म्हणूनच आकडा देणाऱ्या पद्धतींकडे आहे: व्हॅक्यूम डिके (बाहेरची निर्वात पोकळी टिकते का ते मोजणं), हाय व्होल्टेज (फटीतून वीज वाहते का ते बघणं), हीलियम (गळणारा हीलियम वायू मोजणं).

खरी गंमत फ्रीजरमध्ये आहे. काही लसी आणि पेशींपासून बनलेली औषधं उणे ८० अंशांत ठेवतात. व्हायलच्या बुचाचं ब्युटाइल रबर साधारण उणे ५५ ते ७० अंशांच्या दरम्यान लवचीकपणा सोडून कडक होतं. काच, रबर, अ‍ॅल्युमिनियम प्रत्येक जण आपापल्या मापानं आकसतं आणि कडेला केसाएवढीही नाही अशी फट पडू शकते. आतला वायू गारठून दाब उतरलेला, त्यामुळे बाहेरची हवा किंवा ड्राय आइसचा कार्बन डायऑक्साइड आत ओढला जातो. व्हायल बाहेर काढली की रबर मऊ होतं, फट मिटते, शिरलेला वायू आतच कोंडतो. आता टेबलावर गळती तपासा, व्हायल पास! चोर आत आणि कडी लावलेली. म्हणून हीलियमची चाचणी त्या थंडीतच करतात, किंवा लेझरनं व्हायलमधल्या वायूचं माप घेतात. असं कोडं सोडवणाऱ्याला तुम्ही बाटल्या बुडवणारी म्हणाल का?

एम. बी. ए. दोन वर्षांनीही होईल, तेव्हा ते तिला जास्त कळेल. आता मुलाखतीत तिनं स्वतःच विचारावं: निळ्या पाण्याखेरीज कोणती मशीनं आहेत? मेथड व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे चाचणीची पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करण्याच्या कामात, नवीन मुलांना घेता का? चाचणी गळती पकडते का हे बघायला मुद्दाम बारीक छिद्र पाडलेले नमुने वापरता का? तिन्हींना गोलमोल उत्तर आलं, तर वर्षभर अनुभव घेऊन दुसरीकडे बघावं. त्यानंतर शिकायचंच झालं तर घराजवळ सयाजीराव विद्यापीठात फार्मसी आहे आणि मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमध्ये याच विषयाचं शिक्षण मिळतं.

आणि हो, रात्रपाळी आहे का नि कंपनीची बस दांडिया बाजारापर्यंत येते का, हे मात्र तुम्ही विचारा. ती विचारणार नाही.